दमदम, हेज आणि लातूरचं पाणी: एका अल्बमच्या तीन प्रेसिंगची तुलना

लातूरच्या एका घरात पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या तीन रेकॉर्ड आहेत. मालक निवृत्त अभियंते. त्यांचा प्रश्न असा होता: यातली कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली प्रत काढून टाकावी आणि तिच्या जागी इंग्लंडची अगदी पहिल्या खेपेची प्रत मागवावी का? ती खेप मार्च १९७३ ची. हार्वेस्ट लेबलवर भरीव निळा त्रिकोण आणि लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत ए-२, बी-२ असे आकडे कोरलेले, ही तिची खूण. चांगल्या स्थितीतल्या अशा प्रतीला संग्राहक भलती किंमत मोजतात. तेवढा पैसा घालण्याआधी घरातल्या तीन प्रती नीट ऐकून घ्याव्यात असं ठरलं. त्या ‘नीट’ या शब्दापायी तीन आठवडे गेले.

क प्रत दमदमच्या कारखान्यातली, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची, सत्तरच्या दशकातली. थोरल्या भावाकडून आलेली आणि भरपूर वाजलेली. ख प्रत इंग्लंडमधल्या हेजच्या ईएमआय कारखान्यातली, पण पुढच्या खेपेची. तिच्या त्रिकोणाची नुसती बाह्यरेषा आहे. ग प्रत २०१६ ची, १८० ग्रॅमची, जेम्स गथ्री, जोएल प्लँट आणि बर्नी ग्रंडमन यांनी नव्याने मास्टर केलेली, म्हणजे छपाईसाठी आवाज नव्याने बसवलेली.

पहिल्या दिवशी तिन्ही एकामागून एक लावल्या. ग पहिली, ख दुसरी, आणि क इतकी मागे की तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही उरलंच नाही. आवाज घसा बसल्यासारखा, ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे फुटलेले. सुरुवातीचे हृदयाचे ठोके करकरीत बुडालेले आणि दुसऱ्या बाजूचा शेवट तर चिरकलेला. मालकांनी दोष दमदमच्या माथी मारला. हा निकाल बाद करावा लागला, कारण त्या दिवशी तीन प्रेसिंगची, म्हणजे तीन छापील खेपांची, तुलना झालीच नव्हती. एक मळलेली रेकॉर्ड, एक अर्धवट धुतलेली आणि एक नवी, अशा तीन वस्तू चुकीच्या वजनाच्या सुईखाली फिरल्या होत्या.

आधी आर्म

टर्नटेबल बेल्टवर चालणारं, कार्ट्रिज, म्हणजे आर्मच्या टोकाचा सुई बसवलेला भाग, ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई. या मालिकेला १.८ ते २.२ ग्रॅम वजन लागतं, नेमकं सांगायचं तर २.०. आर्मच्या मागच्या वजनावरचा आकडा २.० दाखवत होता. डिजिटल काटा सुईखाली ठेवला तर १.३५ निघाले. कारण नेहमीचंच: आर्म हवेत तरंगता ठेवून आकड्यांची चकती शून्यावर आणायची असते, ती पायरी राहून गेली होती.

वजन कमी म्हणजे रेकॉर्ड कमी झिजणार, हा गैरसमज फार जुना आहे. हलकी सुई खाचेच्या भिंतीला धरून राहत नाही. जोराच्या जागी ती उडते आणि परत आदळते. चिरकणं हा त्या आदळण्याचाच आवाज, आणि खाच खरी झिजते तीही तेव्हाच. क प्रतीवरचे निम्मे-अर्धे ‘फुटलेले स’ २.० ग्रॅमवर आल्याबरोबर गेले. नाचता येईना अंगण वाकडं, असाच हा प्रकार होता.

मग कार्ट्रिजची जागा. सुई रेकॉर्डच्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर खाचेला अगदी समांतर यायला हवी. छापील प्रोट्रॅक्टरवर (कोन तपासायच्या तक्त्यावर) ती आतल्या बिंदूला दीडेक अंश तिरकी निघाली. दोन स्क्रू ढिले करून, कार्ट्रिज किंचित पुढे सरकवून, पुन्हा वजन तपासलं. हे शेवटचं पाऊल विसरायचं नाही, कार्ट्रिज पुढे गेलं की वजन वाढतं. अँटीस्केट, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून लावलेला बाहेरचा ताण, वजनाइतकंच ठेवलं. खाच नसलेल्या कोऱ्या रेकॉर्डवर सुई ठेवून अँटीस्केट लावण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती फसवी आहे, कारण सपाट पृष्ठावरचं घर्षण आणि खाचेतलं घर्षण सारखं नसतं.

लातूरची म्हणून दोन पथ्यं पाळावी लागली. सुईच्या दांडीला धरून ठेवणारं रबर उन्हाळ्यात मऊ पडतं. दुपारी ३८ अंशांच्या खोलीत आणि पहाटे २५ अंशांत तीच सुई सारखी वागत नाही. म्हणून सगळी मोजणी सकाळी नऊच्या आत. दुसरं पथ्य विजेचं. लाइट गेली की घर इन्व्हर्टरवर जातं. तो स्वस्तातला, चौकोनी लहरीचा होता. त्यावर मोटर गुरगुरते आणि फोनो प्रीअँपमध्ये (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रात) ५०, १००, १५० हर्ट्झच्या पायऱ्यांनी घरघर शिरते. इन्व्हर्टरवर घेतलेलं एक ध्वनिमुद्रण संगणकावर पाहताच फेकून द्यावं लागलं. वेग मात्र व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने बदलत नाही. सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग तपासणाऱ्या स्ट्रोब चकतीवर १८० रेघा असतात, त्या स्थिर दिसल्या.

मग पाणी

मालकांनी क प्रत पूर्वी ‘स्वच्छ’ केली होती. बोअरचं पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना मऊ पंचा. ज्या शहरानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, तिथे बोअरच्या पाण्याला नावं ठेवणं बरं नव्हे. पण रेकॉर्डसाठी ते विष आहे. टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) बोअरचं पाणी ११०० च्या वर दाखवलं, घरातल्या आरओचं ७० च्या आसपास आणि बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड पाण्याचं २. कठीण पाणी खाचेत वाळतं तेव्हा क्षार तिथेच राहतात. खाच साधारण ५० मायक्रॉन रुंद, त्यात बसलेला चुन्याचा कण सुईला दगडासारखा लागतो. साबणाचा थर वरून त्याला चिकटवून ठेवतो. भिंगाखाली क प्रतीच्या खाचा पांढुरक्या दिसत होत्या. त्या पांढुरक्या थराला सगळे झीज समजत होते.

धुण्याचं द्रावण एक लिटरचं केलं: डिस्टिल्ड पाणी ९०० मिलिलिटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिलिलिटर आणि फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार थेंब. थेंब चारच. जास्त टाकले तर तेही खाचेत उरतात. हे द्रावण फक्त व्हिनाइलसाठी. घरात आजोबांच्या लाखेच्या, ७८ वेगाच्या रेकॉर्ड असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लागता कामा नये, लाख विरघळते.

बॅटरीच्या दुकानातलं पाणी घेताना बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा मीटर काय सांगतो ते पाहावं. सुट्या कॅनमधलं पाणी कधी कधी नुसतं आरओचं निघतं. शिवाय दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ एवढंच म्हटलं तर चुकून ॲसिड हातात पडू शकतं. ‘डिस्टिल्ड’ हा शब्द उच्चारूनच मागावं.

क्रम असा ठेवला. लेबलावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं झाकण दाबून बसवलं. रेकॉर्ड धुतलेल्या टॉवेलवर आडवी ठेवली. बारीक केसांच्या ब्रशनं द्रावण पसरून, खाचेच्या दिशेनं, गोल फिरवत, दोन मिनिटं भिजवलं. एप्रिलमध्ये अल्कोहोल बघता बघता उडतं आणि सुटलेला मळ पुन्हा तिथेच वाळतो. म्हणून पंखा बंद, वेळ पहाटेची, आणि पृष्ठ सुकू लागलं की आणखी द्रावण. नंतर ते टिपून घेऊन नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा विसळलं. विसळण्यात कंजुषी करणारेच बहुतेक फसतात. शेवटी भांड्यांच्या जाळीत उभी करून बंद खोलीत वाळवली आणि नव्या प्लास्टिकच्या आतल्या पाकिटात घातली. जुन्या कागदी पाकिटात परत घातली असती तर सगळी मेहनत पाण्यात, कारण धूळ त्या कागदातच होती.

क प्रतीला हे तीनदा करावं लागलं. पहिल्या वेळी टिपलेला कपडा चहाच्या फडक्यासारखा निघाला. ख एकदा धुतली. ग नवी होती, तरी धुतली. नव्या रेकॉर्डवर कागदाचा भुसा असतो आणि मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत पाकिटातून काढताना ती स्थिर विजेनं तडतडते. तिचे ‘टक्-टक्’ निम्म्याहून अधिक त्यामुळेच होते. (या एका बाबतीत कोकणातले लोक आमच्यापेक्षा सुखी. त्यांना बुरशी छळते, हा भाग वेगळा.)

आवाज समान केल्याशिवाय काही खरं नाही

तिन्ही प्रती एकाच टर्नटेबलवर, एकाच सुईनं, एकाच प्रीअँपमधून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर संगणकात उतरवल्या. इनपुटचा खटका एकदा लावला तो पुन्हा हलवला नाही. सर्वांत जोराच्या जागी कमाल पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच तो वर ठेवला. मग ऑडॅसिटीत प्रत्येक तुकडा लाउडनेसनं समान केला, फरक ०.२ डेसिबलच्या आत.

समान करण्याआधी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजाच्या प्रतीत सव्वा डेसिबलचा फरक होता. ‘आवाज वाढला’ असं कानाला वाटत नाही इतका तो लहान आहे. तो ‘जास्त मोकळं’, ‘जास्त जिवंत’ असा जाणवतो. प्रेसिंगची चर्चा करताना लोक जी विशेषणं वापरतात, त्यातली बरीचशी या सव्वा डेसिबलची असतात.

तुकडे पाच निवडले. पहिल्या बाजूचे सुरुवातीचे ठोके, म्हणजे जवळजवळ शांततेत हळूहळू वर येणारा आवाज. पृष्ठाची खरखर मोजायला याहून चांगली जागा नाही. ‘टाइम’मधल्या घड्याळांचा गजर, तिथे तीक्ष्ण, अचानक आवाजांवर सुई टिकते का ते कळतं. पहिल्या बाजूच्या शेवटी पियानोवर क्लेअर टोरीची शब्दांवाचूनची आलापी. दुसऱ्या बाजूच्या आरंभी ‘मनी’ची बास गिटार. हे गाणं रूपक तालासारखं सात मात्रांत चालतं आणि गिटारच्या सोलोत चारांत उतरतं, त्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष आपोआप टिकतं. आणि पाचवा, दुसऱ्या बाजूचा शेवटचा कल्लोळ.

शेवटचा तुकडा मुद्दाम. पहिली बाजू सुमारे १९ मिनिटांची, दुसरी साडेतेवीसच्या आसपास. बाजू लांब म्हणजे खाचा जास्त आत जातात. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर सरकते. अगदी आत ६० मिलिमीटर त्रिज्येवर फक्त २१. दहा किलोहर्ट्झची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन जागा घेते, आत २१. व्हीएम९५ई सुईच्या टोकाची बाजूची त्रिज्या साधारण साडेसात मायक्रॉन आहे, साध्या गोल सुईची त्याच्या दुप्पट. एवढ्या बारीक वळणात जाड टोक वळत नाही, कोपरे कापतं. या अल्बमचा सर्वांत मोठा आवाज नेमका त्या सर्वांत अवघड जागी येतो.

ऐकणारे तिघं: मालक, त्यांचा तबला शिकणारा पुतण्या आणि शेजारचे, उभं आयुष्य रेडिओ दुरुस्त केलेले काका. संगणकावर ‘एक्स हा ए आहे की बी’ अशी आंधळी चाचणी, प्रत्येक जोडीला १६ फेऱ्या. अंदाजानं १६ पैकी १२ बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून १२ ला ‘ओळखलं’ मानलं. तुकड्यात एखादा ‘टक्’ आला तर ऐकणारा त्यावरूनच प्रत ओळखतो आणि चाचणी वाया जाते. म्हणून प्रत्येक जागेचा दहा-बारा सेकंदांचा बिनटक तुकडा शोधला. एका दिवशी दोनच जोड्या. तिसऱ्या जोडीपर्यंत कान थकतात आणि आकडे विस्कटतात.

काय निघालं

क प्रतीचं धुण्याआधीचं आणि नंतरचं मुद्रण तिघांनीही १६ पैकी १६ वेळा ओळखलं. साऱ्या चाचण्यांत याहून मोठा फरक कुठेच निघाला नाही. एका देशाचं प्रेसिंग आणि दुसऱ्या देशाचं, यांच्यातही नाही.

‘मनी’च्या आरंभी ख आणि ग तिघांनाही ओळखू आल्या: १४, १३, १५. मास्टरिंग वेगळं आहे, तेव्हा ते अपेक्षितच. पण चांगली कोणती, यावर एकमत झालं नाही. पुतण्याला ग, काकांना ख. मालकांनी दोन दिवसांत दोन उत्तरं दिली. पहिल्या दिवशीची ग ची सरशी आवाज समान करताच विरून गेली. त्याच जागी धुतलेली क आणि ख यांना ओळखताना आकडे ९, १० आणि ८ आले. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. पहिल्या दिवशी ज्या प्रतीला ‘बसलेला घसा’ म्हटलं, ती आता इंग्लंडच्या प्रतीपासून वेगळी काढता येत नव्हती.

आश्चर्य पहिल्या बाजूच्या शेवटी होतं. तिथे पुतण्यानं ख प्रत १६ पैकी १६ वेळा ओळखली आणि कारणही सांगितलं: पियानोचा सूर डुलतो. आर्म वरून पाहिला तर प्रत्येक फेऱ्याला आत-बाहेर होत होता, एकूण ०.८ मिलिमीटर. म्हणजे त्या बाजूचं केंद्र मधल्या भोकापासून ०.४ मिलिमीटर सरकलेलं. ७५ मिलिमीटर त्रिज्येवर यानं सूर अर्ध्या टक्क्यानं वर-खाली होतो, अर्धस्वराच्या साधारण अकराव्या भागाइतका, दर १.८ सेकंदाला एकदा. गिटारच्या गर्दीत हे लपतं. पियानोचा लांबलेला सूर मात्र स्वतःहून कधीच डुलत नाही, म्हणून तिथे उघडं पडतं. गंमत म्हणजे गळ्याच्या आलापीत तिघांपैकी कुणालाच काही खटकलं नाही.

हा दोष त्या एका प्रतीचा, तोही एकाच बाजूचा. त्याच साच्यातून पाच मिनिटांनी निघालेली रेकॉर्ड ठीक असू शकते. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. कोऱ्या पट्टीतल्या आकड्यांवरून एवढंच कळतं की ही बाजू कोणत्या कापणीतून, म्हणजे खाच कोरलेल्या कोणत्या मूळ तबकडीतून, आली. हेजच्या प्रतीवर तर ‘ग्रामोफल्टड’ या दहा अक्षरांची जुनी सांकेतिक लिपी वाचता येते: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, असं शेवटच्या डी म्हणजे ० पर्यंत. त्यावरून कितवा स्टँपर (रेकॉर्ड छापणारा धातूचा साचा) तेही समजतं. पण छापताना भोक कुठे पडलं, आधीच्या मालकानं कोणत्या सुईनं वाजवलं आणि कोणत्या पाण्यानं धुतलं, यातलं काहीच त्या अक्षरांत नसतं. दूरवरून मागवलेल्या महागड्या पहिल्या खेपेलाही हेच लागू. विक्रेत्याला कोऱ्या पट्टीच्या फोटोबरोबर पहिल्या बाजूच्या शेवटी आर्म डुलतो का याचा व्हिडिओ मागितला पाहिजे. व्हिडिओ द्यायला जो खळखळ करेल, त्याच्याकडून घेऊ नये.

क प्रतीचा दुसऱ्या बाजूचा शेवट मात्र धुऊनही पूर्ण सुधारला नाही. ती पूर्वी सिरॅमिक कार्ट्रिजच्या पोर्टेबल प्लेअरवर वाजली होती. त्यातली गोल सुई पाच-सहा ग्रॅमनं खाचेत बसते आणि भिंतीच्या एका ठरावीक उंचीवर पट्टा झिजवते. व्हीएम९५ई चं टोक जवळपास त्याच पट्ट्यावर टेकत होतं. त्याच कार्ट्रिजला चालणारी मायक्रोलिनियर सुई, व्हीएम९५एमएलची, आणून बसवली. कार्ट्रिज जागचं हललं नाही, फक्त पुढची सुई बदलली. वजन पुन्हा मोजून २.० ग्रॅमच ठेवलं. तिचं टोक बाजूनं फक्त तीन मायक्रॉनचं आणि उभ्या दिशेनं लांबट असतं. त्यामुळे ते झिजलेल्या पट्ट्याच्या खाली-वर, शाबूत भिंतीवरही टेकतं. चिरकणं बरंच कमी झालं, पण गेलं नाही. जिथे भिंतच उरलेली नाही तिथे कोणतीच सुई काही परत आणू शकत नाही. शेवटच्या दोन मिनिटांसाठी ग प्रत स्पष्टपणे सरस राहिली, तिघांच्याही मते. याच सुईनं ख प्रतीचा शेवटही जाणवण्याइतका सुधारला.

खरेदी रद्द झाली. क प्रत राहिली. पहिली बाजू ऐकायची असली की आता तीच निघते. दुसऱ्या बाजूला ग. तिन्ही रेकॉर्ड दिवाणखान्यातल्या पश्चिमेच्या भिंतीवरून आतल्या खोलीत हलवल्या, उभ्या, एकमेकींना टेकून न ठेवता. मे महिन्यात त्या भिंतीला हात लावता येत नाही आणि व्हिनाइल साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते तापमान अर्ध्या तासात येतं. म्हणून रेकॉर्ड दुकानातून थेट घरी आणायच्या, वाटेत जेवायला थांबायचं नाही.

ख प्रतीचं भोक सव्वासात मिलिमीटरचं आहे. ते रीमरनं (भोक मोठं करायच्या हत्यारानं) आठच्या थोडं वर नेलं की रेकॉर्ड ०.४ मिलिमीटर सरकवून मध्यावर आणता येते. मात्र मग दर वेळी आर्मकडे बघत हातानं बसवावी लागते, दुसऱ्या बाजूलाही, जी आज बिनबोभाट नीट फिरते. शिवाय भोक वाढवलेली रेकॉर्ड विकायला गेलं तर भाव पडतो. काकांनी रीमर काढून ठेवला आहे. मालकांचं अजून ठरत नाही.